मीटरवर शून्य येईपर्यंत

या खेपेला आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून जास्त पत्रांचा विषय एकच होता: रीफ टँकसाठी, म्हणजे जिवंत कोरलच्या (प्रवाळांच्या) खाऱ्या पाण्याच्या टाकीसाठी, पाणी कशातून गाळून घ्यायचं. दिवे, पंप, स्किमर यांबद्दल लोक टाकी घेण्याआधी विचारतात आणि पाण्याबद्दल मात्र पहिलं शेवाळ वाढल्यावर. म्हणून या वेळची सगळी जागा पाण्यालाच देते आहे. नवख्यांसाठी आधी तीन शब्द: टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, लिटरला मिलिग्रॅममध्ये; आरओ म्हणजे मेंब्रेन नावाच्या बारीक पडद्यातून दाबाने पाणी गाळणं; आणि डीआय म्हणजे त्यातून सुटलेले क्षार रेझिनच्या मण्यांनी पकडणं.

प्रश्न : ताई, दोनशे लिटरची टाकी घेतली आहे, पुढच्या महिन्यात रीफ सुरू करायचा विचार आहे. घरात पिण्याच्या पाण्याचा आरओ आहे. नळाचं पाणी मीटरवर 320 टीडीएस दाखवतं आणि आरओचं 65. इतकं चांगलं पाणी घरात असताना वेगळी आरओ-डीआय यंत्रणा घ्यायची खरंच गरज आहे का? मीठ घातलं की टीडीएस पस्तीस हजारांच्या घरात जाणारच आहे. मग या 65 ने काय बिघडतं?

उत्तर : तुमचा शेवटचा मुद्दा बिनतोड वाटतो. पहिली टाकी लावली तेव्हा मीही हेच म्हणत होते. पण 65 या आकड्यातून पाण्यात किती आहे ते कळतं, काय आहे ते कळत नाही. टीडीएस मीटर पाण्यातून वीज किती सहज वाहते तेवढं मोजतो आणि त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज बांधतो. ते 65 नुसतं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असेल तर कोरलना त्याचं काहीच वाटणार नाही. त्यात नायट्रेट, फॉस्फेट किंवा तांबं असेल तर मात्र वाटेल. रीफमध्ये फॉस्फेट आपण लिटरला 0.03 ते 0.1 मिलिग्रॅम अशा अरुंद पट्ट्यात ठेवायला धडपडतो. त्यापुढे 65 मिलिग्रॅम हा मोठा ढीग आहे आणि त्यात काय दडलंय ते मीटर सांगू शकत नाही.

आता हे 65 येतं कुठून ते पाहा. चांगला मेंब्रेन 96 ते 98 टक्के क्षार अडवतो. म्हणजे तुमच्या 320 च्या पाण्यातून साधारण 6 ते 13 उरायला हवेत. पिण्याच्या यंत्रात मेंब्रेननंतर चवीसाठी क्षार परत घालतात. काही यंत्रांत खनिजांचं कार्ट्रिज असतं. काहींत टीडीएस कंट्रोलर नावाचा छोटा खटका असतो आणि तो मेंब्रेनमधून न गेलेलं पाणी शुद्ध पाण्यात मिसळतो. तुमच्या यंत्रात कंट्रोलर असेल आणि मेंब्रेन 8 देत असेल, तर 65 गाठायला जवळजवळ 18 टक्के पाणी मेंब्रेन चुकवून आलेलं आहे. नळाच्या पाण्यात जे काही विरघळलेलं असेल त्याचा पाचव्या हिश्शाला थोडं कमी इतका वाटा थेट तुमच्या टाकीत. पिणाऱ्याच्या दृष्टीने हे ठीकच आहे, ते यंत्र त्यासाठीच केलेलं आहे. कोरलसाठी नाही.

आणि हे एकदाच घडत नाही. दोनशे लिटरच्या टाकीतून दिवसाला 3 लिटर पाणी उडून जाणं काही विशेष नाही. उडतं ते निव्वळ पाणी, क्षार सगळे मागे राहतात. ती तूट नळाच्या पाण्याने भरली तर रोज 3 लिटर गुणिले 320, म्हणजे 960 मिलिग्रॅम क्षार वर पडतात. महिन्याला जवळपास 29 ग्रॅम. 65 वाल्या पाण्यानेही महिन्याला 6 ग्रॅमच्या आसपास. पाणी बदलाल तेव्हा त्यातले थोडे बाहेर जातील, पण टॉप-अप, म्हणजे उडालेल्या पाण्याची भरपाई, रोजचा असतो. म्हणून माझ्या मते टॉप-अपचं पाणी हा टाकीचा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे, दिव्यापेक्षाही.

तेव्हा घ्यायचं काय? आधी गाळ अडवणारा सेडिमेंट फिल्टर, मग क्लोरीन काढणारा कार्बन ब्लॉक, मग 75 जीपीडीचा (दिवसाला 75 गॅलन पाणी देणारा) मेंब्रेन आणि शेवटी डीआय रेझिनचं हाउसिंग. एवढे चार टप्पे तुमच्या पाण्याला पुरतात. यूव्ही नको, खनिजं नकोत, रबरी पिशवीची प्रेशर टाकी नको. सहा-सात टप्प्यांची यंत्रं दिसायला भारदस्त असतात, पण तुमच्या पाण्यात ज्याचा प्रश्नच नाही त्यासाठी टप्पा कशाला? त्यापेक्षा प्रेशर गेज आणि दोन ठिकाणी टीडीएस दाखवणारा मीटर असलेलं यंत्र निवडा. कार्ट्रिज साध्या दहा इंची मापाचं आहे ना, तेही पाहून घ्या. एकाच कंपनीच्या खास मापात अडकलात की पुढची सगळी वर्षं अडकलात.

नवं यंत्र घ्यायचं नसेल तर एक वाट आहे. घरच्या आरओमध्ये मेंब्रेनमधून बाहेर येणाऱ्या नळीला लगेचच टी (तीन तोंडांचा जोड) जोडायचा. खनिजांचं कार्ट्रिज, कंट्रोलर, साठवणीची टाकी या सगळ्यांच्या आधी. तिथून पाणी घेऊन त्यावर वेगळं डीआय हाउसिंग बसवायचं. लहान टाकीला हे पुरतं. मोठ्या टाकीसाठी घरच्यांच्या पिण्याच्या पाण्याशी रोज ओढाताण होईल, म्हणून तिथे वेगळं यंत्रच बरं.

यंत्र बसवल्यावर एका वहीत तीन आकडे लिहून ठेवा: नळाचा, मेंब्रेननंतरचा आणि डीआयनंतरचा. माझ्या वहीच्या पहिल्या पानावर 320, 8, 0 असे आहेत. पहिल्यातून दुसरा वजा करून पहिल्याने भागलं की मेंब्रेन किती टक्के अडवतो ते कळतं, इथे 97.5. दर महिन्याला हेच तीन आकडे लिहीत जा. ही टक्केवारी 95 च्या खाली उतरून तिथेच राहिली की नवा मेंब्रेन मागवायचा. बसवल्यावर पहिले दोन-तीन तास निघालेलं पाणी टाकून द्यायचं आणि तोवर डीआयची नळी जोडायची नाही. मेंब्रेन टिकावा म्हणून त्यात घातलेलं द्रव्य तेवढ्या वेळात धुऊन जातं.

प्रश्न : जास्त पाणी मिळेल म्हणून 150 जीपीडीचा मेंब्रेन बसवला. हिशोबाने दिवसाला साडेपाचशे लिटरच्या वर मिळायला हवं, मिळतं कसंबसं साठ लिटर. पाणी गच्चीवरच्या टाकीतून येतं. मेंब्रेन खराब निघाला का?

उत्तर : मेंब्रेन बहुतेक चांगला असणार, त्याला दाब मिळत नाही. वेष्टनावरचा जीपीडीचा आकडा 50 ते 65 पीएसआय (पीएसआय हे दाबाचं एकक) दाबाला आणि 25 अंश सेल्सिअस तापमानाला मोजलेला असतो. उंचीवरून मिळणाऱ्या दाबाचा हिशोब सोपा आहे. दहा मीटर उंचीला साधारण 14 पीएसआय. तुमची टाकी यंत्राच्या 6 मीटर वर असेल तर हाती येतात साडेआठच्या आसपास. त्यातून पाण्यातल्या क्षारांचा स्वतःचा उलटा दाब वजा होतो, दर 100 टीडीएसला अंदाजे एक पीएसआय. मग खाली उरतं काय? वेष्टनावरच्या आकड्याचा दहावा भाग. तुमचे साठ लिटर या हिशोबात चपखल बसतात.

मेंब्रेनच्या आधी बूस्टर पंप बसवा आणि गेजवर 60 ते 70 पीएसआय आणा. दाब कमी असला की पाणी तर कमी येतंच, शिवाय ते कमी शुद्धही येतं. ही दुसरी गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. क्षार मेंब्रेनमधून आपल्या चालीने झिरपतच राहतात. त्यांच्यात मिसळायला शुद्ध पाणी कमी पडलं की आकडा चढतो. थंडीतही उत्पादन घटतं, दर अंशाला सुमारे तीन टक्के. त्यामुळे हिवाळ्यात घागर भरायला वेळ लागला तर घाबरू नका.

150 चा मेंब्रेन मात्र मी बदलला असता. जास्त जीपीडीचे मेंब्रेन सहसा थोडे कमी क्षार अडवतात आणि तो फरक डीआय रेझिन भरून काढतं, म्हणजे तुमच्या खिशातून. दोनशे-अडीचशे लिटरच्या टाकीला टॉप-अप आणि पाणीबदल धरून आठवड्याला 50 लिटर लागतात. नीट दाब असलेला 75 चा मेंब्रेन तासाला जवळपास 12 लिटर देतो. आठवड्यातून चार-पाच तास चालवला की काम झालं. मेंब्रेन बदललात तर वेस्टच्या, म्हणजे टाकाऊ पाण्याच्या, नळीतला फ्लो रिस्ट्रिक्टरही त्याच मापाचा घाला. तोच खरं तर पाण्याला अडवून दाब धरून ठेवतो.

वेस्ट पाणी वाया जातं म्हणून ती नळी आवळून टाकावी का, असं आणखी दोघांनी विचारलं आहे. नाही. एका लिटरमागे तीन-चार लिटर जातात हे मलाही टोचतं. पण ते पाणी अडवलेले क्षार सोबत घेऊन जातं. नळी आवळली की तेच क्षार मेंब्रेनवर खडूसारखे बसतात आणि वर्षानुवर्षं टिकणारा मेंब्रेन काही महिन्यांत जातो. माझी वेस्टची नळी एका पिंपात सोडलेली आहे. ते पाणी फरशी पुसायला, कपड्यांच्या पहिल्या धुण्याला आणि संडासात जातं. ते घाण नसतं, नळाच्याच पाण्यापेक्षा थोडं खारट असतं इतकंच.

प्रश्न : बोअरचं पाणी आहे, 900 टीडीएस. मेंब्रेननंतर 22 येतं, डीआयनंतर 0. पण डीआयचं रेझिन तीन आठवड्यांत संपतं. विक्रेता म्हणतो मेंब्रेन बदला. बदलू का?

उत्तर : बदलू नका. 900 चे 22 म्हणजे मेंब्रेन साडेसत्त्याण्णव टक्के अडवतोय, यापेक्षा फार काही मिळणार नाही. तुमचा संशय दोन गोष्टींवर असायला हवा आणि त्या दोन्ही मीटरच्या या आकड्यांत दिसत नाहीत.

पहिली गोष्ट कार्बन डायऑक्साइड. जमिनीखालच्या पाण्यात तो बऱ्याचदा भरपूर विरघळलेला असतो. मेंब्रेन क्षार अडवतो, वायू अडवत नाही. तो सरळ पार होतो, पाण्याशी मिळून कार्बोनिक आम्ल होतो आणि डीआयमधलं ऋण आयन पकडणारं रेझिन खाऊन टाकतो. तपासायची रीत घरची आहे. बोअरचं ताजं पाणी घेऊन त्याचा पीएच मोजा. मग त्यात एअर स्टोन सोडून रात्रभर बुडबुडे चालू ठेवा आणि सकाळी परत मोजा. पीएच चांगला वर चढला तर विरघळलेला वायू उडून गेला, आणि तुमचं रेझिनही तोच खात होता. उपायही तोच: मेंब्रेनचं पाणी आधी एका पिंपात घ्या, रात्रभर हवा सोडा आणि मग छोट्या पंपाने ते डीआयमधून काढा. कटकट वाटते खरी. पण रेझिन कितीतरी जास्त दिवस टिकतं.

दुसरी गोष्ट तुमची वापरायची पद्धत. पिंपात फ्लोट लावून यंत्र कायम चालू ठेवलं असेल आणि ते दिवसातून दहा वेळा दोन-दोन मिनिटं चालत असेल, तर ते आधी बंद करा. यंत्र थांबलं की मेंब्रेनच्या दोन्ही बाजूंचे क्षार हळूहळू सारखे होऊ लागतात. परत सुरू केल्यावर पहिली काही मिनिटं जे पाणी येतं त्याचा टीडीएस चढलेला असतो. एकदा मी घड्याळ लावून पाहिलं होतं. रात्रभर बंद राहिलेल्या यंत्रातून पहिल्या मिनिटाला 74 आलं, तिसऱ्याला 31, सहाव्या मिनिटानंतर ते 9 वर स्थिरावलं. हे 74 रोज दहा वेळा रेझिनवर ओतलं तर ते तीन आठवडे टिकलं हेच पुष्कळ. मेंब्रेन आणि डीआय यांच्यामध्ये एक टी आणि दोन छोटे व्हॉल्व्ह बसवा. पहिल्या पाच-सात मिनिटांचं पाणी बाहेर काढा, मग डीआयकडे वळवा आणि एका बैठकीत आठवड्याचं पाणी करून ठेवा.

एवढं करूनही रेझिन लवकर संपत असेल तर मिश्र रेझिनच्या आधी धन आयनांचं आणि ऋण आयनांचं अशी दोन वेगळी हाउसिंग लावा. मग जे संपेल तेवढंच बदलता येतं.

प्रश्न : आमच्याकडे पाण्याला क्लोरीनचा वास अजिबात येत नाही. मग कार्बन ब्लॉक वगळला तर चालेल?

उत्तर : चालणार नाही. वास येत नाही म्हणजे क्लोरीन नाही असं होत नाही. कित्येक ठिकाणी आता पाण्यात क्लोरामाइन घालतात. ते क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग. वास कमी, टिकाऊपणा जास्त, आणि रात्रभर बादली उघडी ठेवली तरी उडत नाही. साध्या कार्बनला ते फोडायला वेळ लागतो. म्हणून क्लोरामाइन असेल तर दोन कार्बन ब्लॉक एकामागे एक, किंवा कॅटॅलिटिक कार्बन. फुटल्यावर सुटणारा अमोनिया बराचसा मेंब्रेन अडवतो आणि उरलेला डीआय पकडतं. म्हणून क्लोरामाइनच्या पाण्याला डीआय हवंच हवं.

मेंब्रेनच्या दृष्टीनेही कार्बन गरजेचा. लोब आणि सुरीराजन यांनी 1960 च्या सुमारास लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात केलेले मेंब्रेन सेल्युलोज अ‍ॅसिटेटचे होते. ते थोडाफार क्लोरीन सोसत. आज आपण वापरतो तो पॉलिअमाइडचा पातळ थर जॉन कॅडॉट यांच्या 1970 च्या दशकातल्या कामातून आला. तो कमी दाबात कितीतरी चांगलं पाणी देतो, पण क्लोरीनने कुरतडला जातो आणि झालेलं नुकसान भरून निघत नाही. कार्बन काम करतोय का ते बघायचं असेल तर वेस्टच्या नळीतलं पाणी घेऊन टोटल क्लोरीनची चाचणी करा. ते पाणी कार्बनमधून आलेलं असतं. त्यात क्लोरीन दिसला की कार्बन संपला. डोळ्यांना स्वच्छ दिसणारं कार्ट्रिज आतून संपलेलं असू शकतं.

प्रश्न : डीआयच्या तोंडाशी मीटर 0 दाखवतो, रेझिनचा रंगही बदललेला नाही. तरी तीन महिने झालेल्या टाकीत वाळूवर तपकिरी थर येतोच आहे, आणि गेल्या पंधरवड्यात चार गोगलगायी मेल्या. क्षारता 35, अमोनिया नाही. पाण्यात दोष असेल का?

उत्तर : तपकिरी थर हे डायटम. नव्या टाकीत पहिले काही आठवडे येतात, वाळूतल्या आणि दगडातल्या सिलिकेटवर वाढतात आणि आपोआप ओसरतात. तीन महिन्यांनीही जोर कमी नसेल तर पाण्याकडे पाहावं लागतं. सिलिका टीडीएस मीटरला जवळजवळ दिसत नाही. रेझिन संपत आलं की जे सैल धरलेलं असतं ते आधी सुटतं आणि सिलिका त्यात पहिल्या काहींत. म्हणजे मीटर 0 म्हणत असताना ती बाहेर पडायला लागलेली असू शकते. रंग बदलणाऱ्या रेझिनवर माझा भरवसा नाही. एकदा रेझिन बदलून पाहा. आणि मीटरने 1 दाखवला की लगेच बदलायची सवय लावा, 5-6 ची वाट पाहू नका.

गोगलगायींचं मात्र मला जास्त लागलं, कारण हे माझ्याकडे घडलेलं आहे. टाकीला दोन वर्षं झाली होती. एका सकाळी टर्बो गोगलगाय काचेवरून सुटून वाळूवर उताणी पडलेली दिसली. उचलून काचेला लावली, तासाभरात परत खाली. मांसल पाय अर्धवट बाहेर, बोट लावलं तरी आत ओढत नव्हती. तीन दिवसांत अशा पाच. मासे मजेत होते, हॅमर कोरलची बोटं मात्र आखडून निम्म्यावर आली होती. डीआयच्या तोंडाशी शून्य, मीठही नेहमीचंच. शेवटी टॉप-अपच्या पिंपात मीटर बुडवला तर आकडा 3. शून्य पाणी पिंपात गेल्यावर तीन कसं होतं? पिंपात हात घातला तेव्हा फ्लोट व्हॉल्व्ह हाताला लागला. दोन महिन्यांपूर्वी प्लॅस्टिकचा तुटला म्हणून मी पितळी आणून बसवला होता. बाहेर काढून पाहिला तर पाण्याखालचा भाग पिवळा राहिलाच नव्हता. तो गुलाबीसर झाला होता आणि आट्यांमध्ये हिरवट कीट धरलं होतं. डीआयचं पाणी इतकं रिकामं असतं की लागेल त्या धातूला विरघळवतं, आणि पितळेत तांबं असतं. माशांना जेवढं तांबं जाणवतही नाही, तेवढ्याने गोगलगायी, कोळंबी आणि कोरल जातात.

व्हॉल्व्ह बदलला, पिंप टाकून दिलं, आठवडाभर रोज थोडं पाणी बदललं आणि फिल्टरमध्ये तांबं पकडणारं रेझिन घातलं. हॅमर महिन्याभराने पूर्ण उघडलं. त्या पाच गोगलगायी माझ्याच्याने वाचल्या नाहीत आणि त्याचं अजून वाईट वाटतं. आजही पिंपातलं पाणी मोजल्याशिवाय मी टाकीत एक मग ओतत नाही.

तर तुम्ही आज एवढंच करा. मीटर डीआयच्या तोंडाशी न लावता पिंपात बुडवा, मग टॉप-अपच्या नळीच्या शेवटच्या टोकाला धरा. कुठे आकडा वाढला तर त्या दोन जागांमध्ये जे जे धातूचं आहे ते सगळं काढा: जोड, क्लॅम्प, पंपाचा स्क्रू, हीटरची पट्टी. टाकीत मिठाच्या पाण्यात बुडालेलं लोहचुंबक फुटलंय का तेही पाहा. त्याच्या आत गंज धरला की तोही धातूच सोडतो.

प्रश्न : घरात सॉफ्टनर आहे. त्याचं पाणी टाकीला चालेल का?

उत्तर : थेट नाही. सॉफ्टनर कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून त्याजागी सोडियम देतो, टीडीएस जवळपास तेवढाच राहतो. नायट्रेट आणि सिलिकाला तो हात लावत नाही. पण पाणी फार जड असेल तर सॉफ्टनर आरओच्या आधी ठेवा. मेंब्रेनवर कॅल्शियमचा थर बसत नाही आणि सोडियम मेंब्रेन अडवतोच.

प्रश्न : तयार डीआय पाणी किती दिवस साठवून ठेवता येतं? त्याचा पीएच 5.8 येतो, त्यात सोडा घालू का?

उत्तर : झाकणाच्या, खाद्यपदार्थांसाठीच्या प्लॅस्टिकच्या पिंपात अंधाऱ्या जागी महिनाभर सहज. सोडा घालू नका. त्या पाण्यात पीएच धरून ठेवणारं काहीच नसतं, हवेतल्या जराशा कार्बन डायऑक्साइडनेही आकडा उतरतो. मीठ विरघळवून, रात्रभर पंप चालू ठेवून सकाळी मोजा. तेव्हा 8 च्या वर आलेला दिसेल.